पायांचं पच्चक्खाण

आमच्या कोसाडात सकाळी चालायला सुरुवात करणाऱ्या बायका पुष्कळ. महिन्याभरानंतरही चालणाऱ्या मात्र मोजक्याच. का सोडलं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय करणार, माझं मनच घट्ट नाही हो."

मला हे उत्तर पटत नाही. जिनं अठ्ठाई केली, जी वर्षानुवर्षं चौविहार पाळते, सूर्य मावळला म्हणून लग्नाच्या पंगतीतून शांतपणे उठते, तिचं मन घट्ट नाही? मग घट्ट मन असतं तरी कुणाचं?

मनाची ताकद आपल्याकडे आहे, फक्त चालण्यासाठी आपण ती वापरत नाही. चौविहाराचं पच्चक्खाण एकदा घेतलं की संध्याकाळी त्यावर चर्चा होत नाही. चालण्यावर मात्र रोज सकाळी चर्चा होते. आज ढग आलेत, काल झोप नीट झाली नाही, उद्यापासून दुप्पट चालू! पहाटे पाचला मनाशी वाद घालायला बसलात तर मनच जिंकणार, ते फार हुशार वकील आहे. म्हणून चालायचं आदल्या रात्रीच ठरवावं, चपला दाराशी काढून ठेवाव्यात आणि सकाळी मनाला काही विचारूच नये.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. त्यांनी स्वतः तो नेम धरला आणि संस्थानातल्या शाळांमधूनही सुरू केला. राजाला साधनांची काय कमतरता? पण त्यांनी प्रचार केला तो सतरंजीएवढ्या जागेत, कुठल्याही सामानाशिवाय होणाऱ्या व्यायामाचा. नियम जितका साधा, तितका तो मोडायला निमित्त कमी.

आणि मोडलाच तर? आपल्या पच्चक्खाणात आगार असतात, म्हणजे आधीच सांगून ठेवलेल्या सवलती. विसरून झालं, अचानक काही घडलं, आजारपण आलं, तर व्रत मोडत नाही. पूर्वजांनी माणसाचं मन किती ओळखलं होतं बघा! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४, असं त्यांना दिसलं. मधे एखादा दिवस चुकल्यानं सवय बिघडत नाही, हेही दिसलं. आपण मात्र मंगळवार चुकला की बुधवारीही घरीच बसतो.

तेव्हा चालण्यालाही आगार ठेवा. पावसाळ्यात निगोदीमुळे बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा घरातल्या घरात फेऱ्या. उपवासाच्या दिवशी विश्रांती. दिवाळीत ताप्ती लाइनच्या गाडीनं खानदेशात गावी गेलो, तर तिथल्या अंगणात. गुडघे, साखर, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आपलं एक सामायिक ४८ मिनिटांचं, हे तर त्याहून कमी!

पण खरी अडचण वेगळीच आहे, ती बोलायलाच हवी. तपाला घर साथ देतं. साता विचारतात, पारण्याला पाहुणे येतात, अनुमोदना होते. चालायला निघालं की तेच घर विचारतं, "सकाळी सकाळी कुठे? चहा कोण करणार?" उपाशी राहणाऱ्या बाईचं कौतुक होतं, स्वतःसाठी अर्धा तास मागणाऱ्या बाईचं होत नाही. आपल्या आसपासच्या कितीतरी जणी घरातलं आटोपून तासन् तास जमिनीवर बसून साड्यांवर टिकल्या-लेस लावतात. कंबर धरते, गुडघे बोलायला लागतात, तरी तो अर्धा तास मागायला त्यांची जीभ रेटत नाही.

मनोबल लागतं ते इथे. अंथरूण सोडायला थोडं पुरतं, पण उंबरठा ओलांडायला जास्त लागतं. भांडायची गरज नाही. हसून सांगावं, "अर्ध्या तासात येते, चहा तोवर तुम्ही ठेवा." पहिल्या आठवड्यात कुरकुर होईल. व्रताची सवय जशी आपल्याला लागते, तशी आपल्या नियमाची सवय घरालाही लागते.

आणि एक काम आपणच करू शकतो. शेजारीण चालायला निघालेली दिसली की "बारीक व्हायचंय वाटतं?" असं म्हणू नका. तिला साता विचारा. जमलं तर उद्या सकाळी खाली येऊन तिला हाक मारा. जिला कुणीतरी खाली थांबलंय हे ठाऊक असतं, ती मनाशी वाद घालत बसत नाही.