गेममधले मरण

व्हिडिओ गेममध्ये मरण फार स्वस्त. नायक दरीत कोसळतो आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा उभा. म्हणून कित्येक मोठी माणसे या सगळ्याला पोरखेळ म्हणतात. पण काही खेळांत मेलेला माणूस खरोखरच परत येत नाही.

१९९७ साली स्क्वेअर या जपानी कंपनीचा ‘फायनल फँटसी ७’ आला. त्यातली एरिथ ही फुले विकणारी मुलगी. खेळणारा तासन् तास तिला सांभाळतो, तिची ताकद वाढवतो आणि पहिली डिस्क संपता संपता सेफिरॉथ तिला ठार मारतो. लढाईत पडलेल्याला उठवणारे औषध पिशवीत असते, पण इथे ते चालत नाही. तिला परत आणायची युक्ती जगभरच्या खेळाडूंनी शोधली. त्या खेळात ती नाहीच!

हे मरण लेखकाने ठरवलेले. जत्रेच्या नाटकात पात्र मरते तेव्हा देवळाच्या प्रांगणात बसून आपण डोळे पुसतो, पण त्याला आपण मारलेले नसते. १९९० साली सुरू झालेल्या ‘फायर एम्ब्लेम’मध्ये मात्र जबाबदारी आपली. पटावरच्या प्रत्येक सैनिकाला नाव आहे, चेहरा आहे. आपली चाल चुकली की तो गेला, पुढच्या सगळ्या लढाया त्याच्याविना.

आमचे चिरंजीव हा खेळ खेळतात. एका संध्याकाळी तोंड पाडून बसले होते. विचारले तर म्हणाले, “बाबा, तो मेलो. आतां परत येवचो ना.” तो अध्याय पहिल्यापासून खेळला असता तर सैनिक वाचला असता. मुलाने तसे केले नाही, पुढे गेला. मला ते आवडले.

मी काही वर्षे जन्म-मृत्यूच्या नोंदींचे काम केले आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे तिथे खोडाखोड चालत नाही. दुरुस्ती करायची तर मूळ नोंद तशीच ठेवून समासात लिहायचे आणि सही करायची. टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ने (२०१५) नेमके हेच केले आहे. टोरिएल या मायाळू पात्राला मारले, मग पस्तावून जुन्या जागी परतलो आणि तिला वाचवले, तरी एक बोलके फूल आपल्याला ऐकवते, की तू आधी काय केलेस ते मला ठाऊक आहे.

२०१० साली जपानमध्ये आलेल्या ‘फायर एम्ब्लेम’मध्ये पडलेले सैनिक पुढच्या लढाईत परत येतील अशी सोय निवडता येऊ लागली. असू दे. दिवसभर राबून घरी आलेल्याला खेळातही सुतक नको असेल. मात्र सगळेच परत येणार म्हटल्यावर कुणाला पुढे धाडावे याचा विचार कोण करील?

असो. तुमच्या घरी मुले असले काही खेळत असतील तर ‘जिंकलास का?’ एवढेच विचारू नका. ‘तुझं कोण गेलं?’ हेही विचारून पाहा. मूल बराच वेळ बोलत राहील.