‘रीड’ : तर्क आणि सल्ला

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला अगदी प्रारंभी भेटणाऱ्या क्रियापदांपैकी ‘रीड’ हे एक. वर्तमानकाळी त्याचा उच्चार ‘रीड’ असा होतो, भूतकाळी ‘रेड’ असा. लेखन मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे काळ कोणता हे पुष्कळदा केवळ अक्षरांवरून कळत नाही. मागचापुढचा संदर्भ पाहून ते ठरवावे लागते. ‘वाचणे’ या अर्थाचा शब्दच वाचकाकडून आधी एका निर्णयाची अपेक्षा करतो. हा वर्णलेखनाचा योगायोग असला, तरी या क्रियापदाच्या पूर्वेतिहासाशी तो सुसंगत आहे.

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचे रूप ‘रॅडन’ असे होते. सल्ला देणे, मसलत करणे, ठरवणे, तर्क करणे, कूट उलगडणे असा त्याचा अर्थविस्तार होता; लिखित मजकूर वाचणे हा अर्थ याच विस्तारातून पुढे आला. त्याचे जर्मन भावंड ‘राटन’ आजही सल्ला देणे आणि तर्काने ओळखणे हेच दोन अर्थ सांभाळून आहे. भाषाशास्त्रज्ञ या कुळाचा संबंध संस्कृत ‘राध्’ (सिद्धीस नेणे) या धातूशी जोडतात. वाचनासाठी जर्मन भाषेने ‘लेझन’ हे क्रियापद घेतले. त्याचा मूळ अर्थ वेचणे. द्राक्षांच्या तोडणीला त्या भाषेत अजूनही त्याच धातूवरून बनलेला शब्द वापरतात. लॅटिन ‘लेगेरे’ही वेचणे, निवडणे आणि वाचणे असेच अर्थ देते. तेथे वाचक अक्षरे गोळा करतो. इंग्रजीत तो कोडे सोडवतो.

हे विधान केवळ अलंकारिक नव्हे. ‘रिडल’ म्हणजे कोडे, हा शब्द याच धातूपासून बनला आहे. त्याच्या जुन्या रूपाच्या शेवटी ‘स’ होता. पुढे तो अनेकवचनाचा प्रत्यय समजला गेला आणि गळून पडला. दहाव्या शतकातील ‘एक्झेटर’ हस्तलिखितात नव्वदांहून अधिक पद्यकोडी आहेत, आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर संग्राहकाने नोंदवलेले नाही. एका कोड्यात शब्द खाऊन टाकणारी कसर येते : इतके गिळूनही ती तिळमात्र शहाणी होत नाही. अक्षरांवरून नुसते फिरणे आणि वाचणे यांतील भेद यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण आहे.

‘रॅडन’मधील सल्ल्याचा अर्थ मात्र अधिक जोखमीचा होता. 978 मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेल्या एथेलरेडच्या नावाचाच अर्थ ‘थोर मसलत’ असा होतो. डेन लोकांच्या स्वाऱ्यांना आणि त्यांना द्याव्या लागलेल्या खंडण्यांना तोंड देत त्याची कारकीर्द 1016 मध्ये संपली. मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने त्याच्या नावामागे ‘अनरॅड’, म्हणजे मसलतहीन, ही उपरोधिक कोटी चिकटलेली दिसते. पुढे धातूचा जुना अर्थ विसरला गेला आणि त्या कोटीचे ‘अनरेडी’, म्हणजे सज्ज नसलेला, असे वाचन रूढ झाले. वाचण्याच्या धातूवर केलेली कोटीच चुकीची वाचली गेली. या राजाने 1002 मध्ये इंग्लंडमधील डेन लोकांच्या कत्तलीचा आदेश दिला. ऑक्सफर्डमध्ये जिवाच्या भीतीने चर्चमध्ये शिरलेले डेन लोक चर्चसकट जाळले गेले. त्या चर्चला 1004 मध्ये दिलेल्या सनदेत राजा नमूद करतो, की तो आदेश आपण सरदारांच्या सल्ल्याने काढला होता. मसलत ही केवळ बौद्धिक क्रीडा नव्हती, हे त्या सनदेने कायमचे नोंदवून ठेवले आहे.

मराठीची व्यवस्था याहून निराळी आहे. ‘वाचणे’ हे ‘वच्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून, म्हणजे बोलते करण्यापासून, आले आहे. मजकुराला आवाज देणे एवढेच त्याचे मूळ काम. पोथीवाचनात एकाने ओवी वाचावी आणि दुसऱ्याने अर्थ सांगावा, ही प्रथा त्या मर्यादेला धरूनच होती. हात, नाडी, पत्रिका या गोष्टी मराठी माणूस ‘पाहतो’, कोडे ‘उलगडतो’, अर्थ ‘लावतो’. ‘अर्थ लावणे’ या प्रयोगात लावणाऱ्याचा हात दिसत राहतो आणि लावणे चुकू शकते याची कबुलीही राहते.

हॅरल्ड ब्लूमच्या ‘अ मॅप ऑफ मिसरीडिंग’ने (1975) आणि पॉल द मानच्या ‘ॲलेगरीज ऑफ रीडिंग’ने (1979) ‘रीडिंग’ ही संज्ञा समीक्षेच्या मध्यभागी आणली. तिच्यासाठी मराठी समीक्षेने ‘वाचन’ हा शब्द योजला आणि ‘स्त्रीवादी वाचन’, ‘पुनर्वाचन’ असे प्रयोग रूढ झाले. शब्दाने नवा अर्थ घेण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो इंग्रजी क्रियापदाच्या संचितापैकी नेमके काय घेतले गेले याचा. ‘हे केवळ एक वाचन आहे’ असे वाक्य प्रबंधात येते तेव्हा पुष्कळदा ते नम्रतेचे नसते. प्रतिवादापासून मिळवलेले ते संरक्षण असते. तर्काचे स्वातंत्र्य घेतले जाते आणि सल्ल्याचे उत्तरदायित्व मागे राहते. ‘रॅडन’मध्ये ही दोन्ही एकत्र नांदत होती. कोडे सोडवणाऱ्याचे उत्तर चूक ठरू शकत होते, आणि मसलत देणाऱ्याच्या शब्दावर इतरांचे जगणे-मरणे अवलंबून होते.

समीक्षकाच्या शब्दाने सहसा कोणाचा जीव जात नाही. परंतु एखादी लेखिका दोन पिढ्या विस्मरणात राहते, एखादी कादंबरी अभ्यासक्रमाबाहेर जाते, तेव्हा त्यामागे कोणाचे तरी वाचन असते. अशा वाचनाला ‘अर्थ लावणे’ म्हटले, तर तो कोणी लावला, कशाच्या आधारे लावला, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. त्या प्रश्नांची उत्तरे देण्याची तयारी ज्याच्याजवळ आहे, त्याने खुशाल ‘वाचन’ म्हणावे; संज्ञेवरून भांडण्याचे कारण उरत नाही.