चिखल वाळण्याआधी

पावसाळ्यात चिखलात गाडी घालण्याचा छंद आता महाराष्ट्रात चांगलाच रुजला आहे. 1985 साली आलेल्या जिप्सीने त्याची गोडी लावली, 2020 च्या नव्या थारने तो घरोघर नेला. मात्र या गाड्यांवरचा खर्च पाहिला तर तो बहुतेक डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूंवर होतो: रुंद टायर, लोखंडी बंपर, विंच, छतापर्यंत चढवलेला स्नॉर्केल. माझं म्हणणं असं की, गाडी चिखलात असते तेव्हा तिचं फार थोडं बिघडतं. खरी झीज होते ती पुढच्या काही आठवड्यांत, ती दारात स्वस्थ उभी असताना. पैसा आणि वेळ आधी तिथे लावायला हवा.

अॅक्सलचंच बघा. चढ-उतार, घसरणारी चाकं यांमुळे डिफरेन्शियलचं हाउसिंग चांगलंच तापतं आणि तेवढ्यात गाडी ओढ्यात उतरते. आतली हवा 80 अंशांवरून 25 अंशांवर आली, तर तिचं आकारमान साधारण 15 टक्क्यांनी घटतं. म्हणजे हाउसिंग आत ओढू लागतं. ब्रेदरचं, म्हणजे हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटेचं, तोंड पाण्याखाली असेल तर त्यातून, आणि ते चिखलाने बुजलं असेल तर ऑईल सीलच्या कडेने पाणी आत येतं. सीलची रचना मुळात आतलं तेल बाहेर जाऊ नये अशी असते. आतून ओढ लागली की सीलचा ओठ फारसा टिकाव धरत नाही. गाडी त्या दिवशी उत्तम चालते. पण पाणी मिसळून दुधाळ झालेल्या तेलाचा थर दातांमध्ये नीट टिकत नाही, बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात आणि क्राऊन-पिनियन गुरगुरायला लागतं ते कित्येक महिन्यांनी. तोवर त्या ओढ्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते. यावरचा इलाज म्हणजे ब्रेदरला लांब रबरी नळी जोडून तिचं तोंड इंजिनच्या खोलीत उंचावर नेणं. स्नॉर्केलच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

स्नॉर्केल निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावंच लागतं. पण स्नॉर्केल फक्त इंजिनाचा श्वास वाचवतो. थारसाठी कंपनी 650 मिलिमीटर खोलीपर्यंतचं पाणी चालेल असं सांगते. त्याच्या कितीतरी आधी हब, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि ब्रेक बुडालेले असतात.

दुसरा आक्षेप नेहमीचा: खालून एकदा रबरी कोटिंग मारून घेतलं की झालं. इथे मातीची जात समजून घ्यावी लागते. देशावरची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि ते सहजी सोडत नाही. चॅसीच्या पोकळ पट्ट्यांत, स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये, मडगार्डच्या आतल्या कडेला ती बसली की वरून गाडी कोरडी दिसते आणि पत्रा मात्र ओल्या पोटिसात गुंडाळल्यासारखा राहतो. कोकणातल्या तांबड्या मातीत खडे अधिक. ते ड्रम आणि लायनरच्या मध्ये शिरून दोन्ही खरवडतात. समुद्रकाठी त्यात मिठाची भर. कोटिंग स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर बसलं तर उपयोगीच. पण आधीच्या गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडून ठेवतं आणि वरून काळं कुळकुळीत दिसत राहिल्याने कुणी टोचूनही बघत नाही. त्यापेक्षा चॅसीची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी ठेवणं अधिक मोलाचं.

दर वेळी अॅक्सलचं तेल बदलायचं तर हा छंद परवडेल का, असंही विचारलं जातं. तेल सरसकट बदलूच नये, तपासावं. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवून सकाळी ड्रेन प्लग अगदी थोडा सैल केला, तर तळाशी बसलेलं पाणी आधी ठिबकतं. नुसतं तेल आलं आणि त्याचा रंग नितळ असला, तर प्लग आवळून मोकळं व्हावं. धुण्याची मात्र उद्यावर ढकलाढकल नको, कारण वाळलेली काळी माती दगडासारखी होते. वाटेतल्या नदीत गाडी उभी करून धुण्याची सवय तर साफ सोडावी: तापलेला अॅक्सल पुन्हा गार पाण्यात जातो आणि गाडीचं तेल-ग्रीस गावाच्या पाण्यात. गाडी निवू द्यावी, मग आतून बाहेर, भरपूर पाण्याने. वॉशरची धार सील, वायरिंगचे जोड आणि रेडिएटरच्या नाजूक पात्यांवर जवळून रोखू नये. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसला तरी त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत चिखल अडकलेला असतो; इंजिन तापण्याचं कारण अनेकदा तिथेच सापडतं. धुऊन झाल्यावर क्रॉसच्या निपलमध्ये जुनं, मातकट ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत ग्रीस भरावं. मग गाडी थोडी फिरवून, हलके ब्रेक दाबत ड्रम सुकवावेत आणि त्या रात्री हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये, चाकाला दगड लावून उभी करावी. ओले लायनर ड्रमला चिकटतात.