दावा द्रौपदीचा

रत्नागिरीच्या दिवाणी न्यायालयात ज्याची उभी हयात कारकुनीत गेली आणि भाट्याच्या खाडीपलीकडच्या गावांतून जत्रेच्या रात्री ज्याने भीमाचे सोंग घेण्यात घालविल्या, त्याला या दोन उद्योगांचा परस्परांशी संबंध काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. माझ्या दृष्टीने तो संबंध फार निकटचा आहे. कारण थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारा आज्ञाधारक भीम प्रतिज्ञेची गोष्ट निघाली की कोणाचेही ऐकत नाही, हे कसे, याचा जो काही उलगडा मला झाला तो दप्तरखान्यातल्या कागदांनीच केला आहे.

आमच्या जिल्ह्यात वाद बहुधा बांधाचे, पाखाडीचे, कलमांच्या बागेतल्या हिश्श्याचे. पिढी-दोन पिढ्या चाललेला तंटा एखाद्या दिवशी मिटतो, दोन्ही पक्ष तडजोडपत्र घेऊन येतात, आणि दप्तरात ते दाखल करून घेण्यापूर्वी आम्ही एकच गोष्ट कसून पाहतो, ती म्हणजे ज्याचा दावा त्याची सही आहे की नाही. बहिणीचा हिस्सा सोडून देण्यास भाऊ कितीही उदार मनाने तयार झाला, गावचे चार प्रतिष्ठित पंच त्याच्या पाठीशी उभे राहिले, तरी तिचे मुखत्यारपत्र त्याच्यापाशी नसेल तर त्याच्या औदार्याला कायद्याच्या दृष्टीने कवडीची किंमत नाही. भीमाचे सारे वर्तन मी या नियमाच्या उजेडात वाचीत आलो आहे.

त्याच्या स्वतःवर झालेले अपराध पाहावेत. बालपणी दुर्योधनाने त्याला अन्नातून विष घातले आणि वेलींनी बांधून गंगेत लोटून दिले. तो जिवंत परतला तेव्हा युधिष्ठिराने या गोष्टीची वाच्यता करू नकोस एवढेच सांगितले, आणि भीम गप्प राहिला. पुढे वारणावतास लाक्षागृहात आईसह सर्वांना जाळण्याचा बेत झाला, त्यातूनही तोच सर्वांना घेऊन निसटला. पण त्या बेतासाठी त्याने कोणाच्या रक्ताची शपथ वाहिल्याचे व्यासांनी लिहिलेले नाही. ज्या अपराधांचा फिर्यादी तो स्वतः होता त्यांवर त्याने पाणी सोडले. प्रतिज्ञा झाल्या त्या द्यूतसभेत, आणि त्याही द्रौपदीचा प्रश्न अनुत्तरित राहिल्यानंतर. स्वतःला आधी हरलेल्या पतीला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय, हा तिचा प्रश्न निव्वळ कायद्याचा होता. भीष्मांसारख्या वृद्धाने धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून त्याचा निर्णय टाळला, आणि जी सभा न्याय करावयास बसली होती तिने फिर्याद दाखलच करून घेतली नाही. दुःशासनाच्या छातीचे रक्त आणि दुर्योधनाची मांडी या दोन्ही प्रतिज्ञा मला सूडबुद्धीच्या आरोळ्या वाटत नाहीत. न्यायासनाने नाकारलेल्या दाव्याचा जिम्मा त्या सभेत एका माणसाने जाहीरपणे आपल्या शिरावर घेतला, असे मी समजतो.

याची खूण विराटपर्वात पटते. आम्ही गावोगाव करतो तो ‘कीचकवध’ जुन्या आख्यानांवरून बेतलेला, ग्रामस्थांच्या तोंडी रुळलेला आहे. झापांचा मांडव, दोन पडदे आणि गॅसबत्तीचा प्रकाश एवढ्यावर तो उभा राहतो. कीचकाने भर सभेत सैरंध्री झालेल्या द्रौपदीला लाथ मारली, आणि बल्लव झालेल्या भीमाची दृष्टी बाहेरच्या वृक्षाकडे वळली, तेव्हा कंकभट्ट झालेला युधिष्ठिर त्याला म्हणतो की सरपण हवे असेल तर ते बाहेर जाऊन आण. अज्ञातवास उघडा पडला तर वनवासाची बारा वर्षे पुन्हा भोगावी लागणार होती. म्हणून त्या वाक्यातली सावधगिरी खरी आहे, आणि भीम ती मानतो. त्या रात्री सैरंध्री पाकशाळेत येऊन त्याला जागे करते. येथेही तो तिला प्रथम धीराच्याच गोष्टी सांगतो. सुकन्या, सीता, लोपामुद्रा यांनी काय काय सोसले ते सांगतो, आणि मुदतीचा अवघा दीड महिना उरला आहे, तेवढी कळ काढ, असे विनवितो. ती नकार देते. उद्याच्या सूर्योदयास कीचक जिवंत असेल तर मी विष घेईन, असे ती सांगते, तेव्हा नृत्यशाळेचा बेत ठरतो.

आमच्याकडे सैरंध्रीचे काम करणारा गडी चिऱ्याच्या खाणीवर राबतो. मूळ कथेत चंदन उगाळून तिच्या हातांना घट्टे पडले आहेत आणि भीम ते हात आपल्या तोंडावर घेऊन रडतो. या गड्याच्या तळव्यांना त्यासाठी रंगाची गरज लागत नाही. सफेद्याने रंगवलेल्या माझ्या गालांवर ते खरखरीत तळवे टेकले की पुढचे भाषण मोठ्या आवाजात म्हणणे अशक्य होते, आणि नव्या नटांना मी हेच शिकवितो की भीमाने गर्जना कीचकासमोर खुशाल करावी, द्रौपदीसमोर करू नये. तिच्यासमोर तो तिचा निकाल ऐकून घेत असतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आला तेव्हा कीचकाच्या जागी कर्झन, युधिष्ठिराच्या जागी मवाळ आणि भीमाच्या जागी जहाल, असा अर्थ प्रेक्षकांनी आपण होऊन लावला, आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते. ज्यांच्या जन्माने आमचे गाव ओळखले जाते त्यांच्या ‘केसरी’त खाडिलकरांची लेखणी घडली, म्हणून या नाटकाविषयी रत्नागिरीकराला ममत्व वाटावे हे स्वाभाविक आहे. पण त्या बंदीमागचे कारण माझ्या मते केवळ भीमाच्या आवेशात नव्हते. आवेश शमविता येतो. दुसऱ्याच्या वतीने धरलेला हट्ट सन्मान किंवा सवलती देऊन विकत घेता येत नाही, आणि सत्तेला धास्ती वाटते ती याचीच.

भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’तील भीम मात्र मला थोडा परका वाटतो. कृष्ण पाच गावांवर संधी करावयास गेल्याचे कळताच तो पहिल्या अंकातच भडकतो, एका दिवसापुरते थोरल्या भावाचे वडीलपण झुगारतो, आणि शेवटी रक्ताळलेल्या हातांनी द्रौपदीची वेणी बांधतो. नाटक म्हणून त्याची योजना जबरदस्त आहे; परंतु त्यात व्यासांच्या उद्योगपर्वातला एक विलक्षण प्रसंग गमावला आहे. तेथे कृष्णशिष्टाईच्या आधी भीम स्वतःच म्हणतो की दुर्योधनाशी मृदु बोल, कुलाचा नाश होऊ देऊ नकोस. कृष्णालाही याचे आश्चर्य वाटते. आणि मग द्रौपदी आपला केशकलाप हातात धरून कृष्णापुढे उभी राहते: भीम आणि अर्जुन दीन झाले असतील तर माझा वृद्ध पिता लढेल, माझे पाच पुत्र अभिमन्यूला पुढे करून लढतील, पण हे केस विसरू नकोस. भीमाने मसुदा तयार केला होता. वादीने सही केली नाही. हा प्रसंग वाचल्यावर भीमाला क्रोधाचा पुतळा म्हणून रंगविणे मला तरी जमत नाही.

जिम्मा घेणाराला त्याची किंमतही द्यावी लागते, आणि ती विकर्णाच्या रूपाने द्यावी लागली. द्यूतसभेत शंभर कौरवांतून हा एकच उठला आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाही असे स्पष्ट बोलला. आणि युद्धात तो भीमाच्याच हातून पडला. सर्वांना मारण्याची प्रतिज्ञा झालेली होती, तीत तो एक अपवाद घातलेला नव्हता, आणि भीम त्याच्यासाठी शोक करतो. सभेत जो तिच्या बाजूने उभा राहिला त्यालाच तिच्या नावाने मारावे लागावे, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. आणि भीमाच्या निष्ठेचे गोडवे गाणारी आमची आख्याने हा प्रसंग वगळतात याचे मला मनापासून वाईट वाटते. यंदाच्या जत्रेसाठी तो मी लिहून दिला आहे. मंडळातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे पडले की विजयाच्या खेळात हा शोक कशाला. मी त्यांना सांगितले की प्रवेश गाळावयाचा असेल तर भीमाचे काम दुसऱ्या कोणाला द्यावे.