पूर्ववृत्त कोणाचे?

नाटकातील पात्र रंगमंचावर येते तेव्हा त्याच्या मागे किती वर्षे उभी आहेत हे नाटककाराने ठरविलेले असते. नट त्या वर्षांची कल्पना करू शकतो, तालमीत त्यांचा शोध घेऊ शकतो. त्यांत फेरफार करण्याचा अधिकार मात्र त्याला नसतो. कथाकथनाचा एक प्रकार असा आहे की ज्यात पात्राचा भूतकाळ एकाने लिहावा, त्याच्यापुढील संकटे दुसऱ्याने आणावीत आणि वर्तमान चारपाच जणांनी बोलत बोलत रचावा. अमेरिकेत जन्मलेला, टेबलाभोवती बसून फासे, कागद आणि पेन्सिल घेऊन खेळला जाणारा भूमिकाखेळ, म्हणजे इंग्रजीतील रोल-प्लेइंग गेम, हा तो प्रकार होय. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतो. उरलेले सारे जग, म्हणजे राजे, चोर, पाऊस आणि पडके किल्ले, एकाच व्यक्तीच्या स्वाधीन असते. तिला सूत्रधार म्हणणे सयुक्तिक ठरेल; संस्कृत नाटकातील सूत्रधाराप्रमाणे ती प्रस्तावना संपताच निघून जात नाही, इतकाच भेद.

आरंभी या खेळात पात्राला भूतकाळच नव्हता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला तो लहान प्रतिमांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांच्या परंपरेतून. तीन फासे टाकून शक्ती, बुद्धी इत्यादी सहा गुण ठरत. मूळ नियमांनुसार ते फासेही सूत्रधारानेच टाकावयाचे होते. असे पात्र पहिल्याच भुयारात मरण्याचा संभव मोठा. त्याच्या बालपणाविषयी कोण लिहीत बसणार? मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ने १९७७ मध्ये पात्राला पूर्वायुष्य दिले, पण तेही फाशांच्या स्वाधीन ठेवून. अठराव्या वर्षापासून चार-चार वर्षांच्या नोकऱ्या, बढत्या, आणि दान उलटे पडले तर खेळ सुरू होण्यापूर्वीच मृत्यू! खेळाडूच्या हाती पूर्ववृत्त आले ते हळूहळू. १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’मध्ये पाठलाग करणारा शत्रू किंवा आपल्यावर अवलंबून असलेली व्यक्ती खेळाडूने स्वतःहून पत्करली, तर मोबदल्यात त्याला गुण मिळत. ही देवघेव दिसते तितकी साधी नाही. आपल्या म्हाताऱ्या आईचे नाव कागदावर लिहिणारा खेळाडू ‘हिला पळवून न्या’ असे सूत्रधाराला लेखी कळवीत असतो. १९८८ च्या ‘सायबरपंक’ने प्रेमभंग आणि वैरे यांचे तक्ते पुरविले, २०१४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पार्श्वभूमी, आदर्श, बंध आणि दोष यांना पात्राच्या कागदावर रीतसर जागा मिळाली. पुढे एकेका पात्रामागे पानेच्या पाने लिहून आणणारे खेळाडू आले, आणि वादही आला.

समजा, एका खेळाडूने लिहिले की आपल्या पात्राची धाकटी बहीण पुरात वाहून गेली. काही महिन्यांनी सूत्रधार त्या बहिणीला जिवंत, आणि तीही शत्रूच्या सैन्यात, आणून उभी करतो. टेबलाभोवतीचे सारे थक्क होतात. ज्याची बहीण तो मात्र गप्प बसतो. कथेच्या दृष्टीने कलाटणी उत्तम आहे. पण त्या पुरात त्याने स्वतःचे काही वाहून दिले असेल तर? माणसे अशा कागदांवर आपली खरी दुःखे नावे बदलून ठेवतात. ती बहीण परत आणणे म्हणजे एक शोक, न विचारता, रद्द करणे होय.

यावर खेळाडूची संपूर्ण मालकी हे उत्तर सुचते. ते नीतीला धरून असले तरी कथेला मारक आहे. ज्या भूतकाळाला कोणी हात लावू शकत नाही तो भिंतीवरच्या तसबिरीसारखा असतो. त्याच्यामुळे काही घडत नाही. सूत्रधाराची संपूर्ण मालकी तर खेळाडूला निव्वळ श्रोता करून टाकते.

महाभारतातील कर्णाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्याचे जन्मवृत्त प्रारंभापासून इतरांच्या हाती आहे. उद्योगपर्वात कृष्ण ते त्याच्यापुढे मांडतो, आणि आपल्याला हे ठाऊक आहे असे कर्ण सांगतो. कुंतीने जन्म दिला, ही घटना बदलणे त्याच्या हाती नाही. पण राधेने दूध पाजले, अधिरथाने वाढविले, सूतकुळात संसार झाला. तेव्हा आपण कोणाचे, हा निर्णय तो कृष्णालाही घेऊ देत नाही. त्याहून सूक्ष्म गोष्ट ही की, युधिष्ठिराला हे कळू देऊ नकोस, असे तो कृष्णाला विनवितो. घटना दुसऱ्याने पुरवावी, तिचा अर्थ मात्र ज्याची त्याने लावावा, ही वाटणी इतकी स्वच्छ क्वचितच आढळते.

ही वाटणी पुरेशी आहे असेही नाही. युद्धानंतर कुंती ते गुपित फोडते, आणि आपण थोरल्या भावाच्या वधाचे धनी झालो हे युधिष्ठिराला कळते. कर्णाने जपलेले पूर्ववृत्त युधिष्ठिराचेही होते. त्याला विचारले कोणी? पाच जणांच्या टेबलावर एकाचा भूतकाळ उघडला की उरलेल्या चौघांच्या वाट्याला काही ना काही येतेच. २०१३ च्या ‘फेट कोअर’ने ही गोष्ट नियमातच आणली: प्रत्येकाने आपल्या पात्राचे एक पूर्वीचे साहस लिहावे आणि इतरांच्या साहसांत आपल्या पात्राला लहानशी भूमिका द्यावी. तिथे कोणाचाच भूतकाळ निखळ खाजगी राहत नाही. मात्र तो साऱ्यांसमक्ष आणि आधीच सामायिक झालेला असतो.

व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ने सूत्रधाराला आणखी एक साधन दिले. खेळाडूंना प्रश्न विचारावेत आणि मिळालेल्या उत्तरांवर कथा उभारावी, असे तो खेळ सांगतो. उपाय दिसायला साधा, पण अधिकाराचा तोल त्याने बदलतो; कारण प्रश्न विचारणारा कुतूहल दाखवितो, हक्क सांगत नाही. पुरात गेलेल्या बहिणीचेच उदाहरण घेतले, तर तिला शत्रूच्या तंबूत उभी करण्यापूर्वी, एखाद्या संध्याकाळी नकाशे गुंडाळताना, सूत्रधार सहज विचारील, “बहिणीचे प्रेत तू स्वतः पाहिले होतेस का?”

खेळाडू हवे तर “हो” म्हणेल, आणि विषय तेथेच मिटेल. किंवा थोडा वेळ थांबून म्हणेल, “नाही. घाटावर आई गेली होती. मला तिने घरीच थांबविले.”


“आणि परतल्यावर ती काय म्हणाली?”

“काहीच नाही. तिने भिजलेले लुगडे वाळत घातले आणि चूल पेटविली.”