पुतणीची वाकळ

घर सोडून परगावी निघालेल्या लेकराच्या हाती काय द्यावे, हा प्रश्न आपल्या गावोगावच्या कुटुंबांना नवा नाही. गोव्यातील तरुण आगबोटीवर नोकरी धरण्यासाठी मुंबईस जात, तेव्हा धोबीतलाव भागात आपापल्या गावाने चालविलेल्या 'कूड' नावाच्या क्लबांत उतरत. तेथे प्रत्येकाचे घर म्हणजे एक पेटी. हल्ली पेटीच्या जागी चाकांची बॅग आली, एवढाच काय तो फरक.

आमची पुतणी यंदा परिचारिकेचे शिक्षण घेण्यास बंगळूरास निघाली. मामाने मोबाइल दिला, आत्याने बॅग दिली. आमच्या आईने, वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे उलटलेली असता, एका वाक्यात सांगून टाकले, "मी वाकळ शिवते."

वाकळ म्हणजे जुन्या सुती वस्त्रांचे थर. ते एकावर एक अंथरावयाचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालीत जावयाचे. टाके जवळजवळ पडले म्हणजे थर सरकत नाहीत, आणि थरांमध्ये कोंडलेली हवाच ऊब धरून ठेवते. हे शास्त्र आईस समजावून सांगण्याची आमची छाती नाही. तिच्या बोटांना ते केव्हाचेच ठाऊक आहे.

आमच्या खानापूर तालुक्याला लागून असलेल्या हल्याळ भागातील सिद्दी भगिनीही अशीच वाकळ शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. आफ्रिकेतून, पुष्कळसे पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे, आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपले ख्रिस्ती बांधवही आहेत. ख्रिस्ती घरांतील कवंदीवर ठिगळांचा क्रूसही पाहावयास मिळतो. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची त्रिकोणी 'फुले' लागल्यावाचून कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. आईला ही फुले फार आवडली, आणि आपल्या वाकळेस ती हवीतच असे तिने ठरविले.

परंतु कापड कोणते घ्यावयाचे, येथे सारे अडले. २०१९ साली आमची भावजय वारली. तिची लुगडीपातळी भावाने लोखंडी पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवली होती. वर्षातून एकदा तो ती उन्हात घाली, पुन्हा तशीच घडी करून ठेवी आणि त्यांना कोणास हात लावू देत नसे. आईने नेमकी तीच मागितली.

"अरे, पेटीत राहून ती कोणाच्या अंगावर यायची?" ती म्हणाली.

भाऊ दोन दिवस कोणाशी बोलला नाही. आम्हांस त्याचा राग आला नाही. कापलेले लुगडे पुन्हा सबंध होत नाही, हे खरेच होते. आणि आईचे म्हणणेही खरे होते. अशा वेळी मध्यस्थाने गप्प राहावे, म्हणून आम्ही गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वतःच एक इरकली लुगडे घेऊन ओटीवर आला. इरकली लुगड्याचा पदर मागावर निराळ्या ताण्याचा असतो. तो अंगाच्या ताण्याशी फास घालून जोडतात. आईने नेमक्या त्या जोडावरच कात्री चालविली. अंग फाडले नाही. ते सबंध दुमडून वाकळेच्या पोटात घातले, आणि तांबडा पदर तेवढा वर बसविला.

शिवणे सात आठवडे चालले. आईस आता सुईत दोरा ओवता येत नाही. धाकटा नातू शाळेस जाण्यापूर्वी दहा सुया ओवून ठेवी. एके रात्री भावाने सुई मागून घेतली. गवंडीकाम करणारा तो माणूस! त्याने काळ्या दोऱ्याने एक ओळ घातली. ती ओळंब्यात मुळीच नव्हती. आम्हांस वाटले, आई ती सकाळी उसवील. तिने तिच्या शेजारून आपली पुढची ओळ सुरू केली.

मुलगी प्रथम अवघडली. "काका, वसतिगृहात गादी-चादर देतात, आणि बॅगेत जागा नाही," असे आम्हांस हळूच म्हणाली. आम्ही म्हटले, "बंगळूर सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे, रात्री गारवा असतो, पुढे तुझी इच्छा." पदराचा तांबडा रंग तिने ओळखला तो त्यानंतर. मग दोन पोशाख बाहेर निघाले आणि वाकळ आत गेली.

पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. काळ्या दोऱ्याची वाकडी ओळ कोणाची, असे तिने विचारले. भावाने फोन आईच्या हाती दिला आणि म्हशीला पाणी दाखविण्यास तो परसात निघून गेला.

आता आईने धाकट्यासाठी दुसरी वाकळ धरली आहे. तो दोन वर्षांनी बाहेर पडेल. कापडाची मात्र वाण आहे. घरोघरी नायलॉन-पॉलिएस्टरची पातळे झाली, त्यांत सुई धड टिकत नाही आणि घामही शोषला जात नाही. जुनी सुती लुगडी कोणी बोहारणीस भांड्यावर घालणार असेल, तर तत्पूर्वी आमच्या आईस एकवार विचारावे. बदल्यात भांडे तिच्याकडेही मिळेल.