सायकलीचं वेळापत्रक ऊन ठरवतं

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली, तेव्हा त्यांना ११ दिवस, २१ तास आणि ११ मिनिटं लागली. अंतर ४,८०० किलोमीटरच्या आसपास. झोप, जेवण, कपडे बदलणं सगळं धरून ताशी सरासरी साधारण १७ किलोमीटर पडते. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढीच? दुसरीकडे इटलीच्या फिलिप्पो गन्नाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बंदिस्त ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर कापले. तेही एवढंच वाटत नाही का? एक तासच तर होता! दोन्ही माणसं सायकलच चालवतात. फरक एवढाच की वेग दुप्पट केला की हवा कापायला लागणारी ताकद आठपट होते. त्यामुळे सतराच्या वेगाचं शहाणपण छप्पनला चालत नाही आणि छप्पनचं सतराला.

आम्हा हौशी मंडळींना मात्र दोन्ही हवं असतं. नोव्हेंबरात ३०० ची ब्रेव्हे मारायची आणि पुढच्याच महिन्यात ४० किलोमीटरच्या शर्यतीत वयोगटात नाव काढायचं. दहाला ऑफिस, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, मध्येच कोणाचं तरी लग्न. हाताशी आठवड्याला आठ-दहा तास. एवढ्यात दोन संसार थाटायचे.

ब्रेव्हे म्हणजे काय, ते बाहेरच्यांना नीट ठाऊक नसतं. १९०४ साली सुरू झालेल्या 'ऑडॅक्स क्लब पॅरिझियां'चे नियम जगभर चालतात, नागपुरातही तेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत आला तो पास. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं, घामाने मऊ पडलेलं कार्ड प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या थांब्यावर, काढायचं, ढाबेवाल्याकडून शिक्का घ्यायचा, बॉलपेनने वेळ लिहून घ्यायची. ढाबेवाला आधी शिक्का उलटा मारतो, मग विचारतो, "भाऊ, इतक्या लांबून आले, पैसे किती भेटतात?" नाही म्हटलं की तो आपल्याकडे नीट बघतो आणि चहाचे पैसे घेत नाही.

छोट्या शर्यतीत असा निवांतपणा औषधालाही नसतो. पहिल्या पाच मिनिटांतच घसा कोरडा पडतो. समोरच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवता आलं तर हवेचा मार बराच वाचतो. ते चाक एकदा सुटलं की शर्यत सुटली.

दोन्हींच्या मध्ये आहे आमची रविवारची राइड. पहाटे निघायचं, पन्नास-साठ किलोमीटर करायचे आणि परतताना तर्री पोहे. तर्रीला माझा आक्षेप नाही, राइडच्या वेगाला आहे. वाडी ओलांडेपर्यंत सगळे गप्पा मारत असतात. मग कोणीतरी पुढे निघतो, बाकीच्यांना ते सोसत नाही, आणि दीड तास सगळे अशा वेगाने जातात की धड बोलता येत नाही आणि धड धापही लागत नाही. वर्षानुवर्षं हेच करून वर्षानुवर्षं तिथेच राहिलेले लोक मी पाहिलेत. त्या वेगाने पाय थकतात. पण लांबच्या राइडला लागतं ते घडत नाही आणि शर्यतीला लागतं तेही नाही.

लांबच्या, सावकाश राइडने स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. पेशींतल्या मायटोकाँड्रिया, म्हणजे इंधन जाळून ऊर्जा करणाऱ्या भट्ट्या, वाढतात. शरीर चरबी जाळायला शिकतं. हे शिकणं महत्त्वाचं, कारण स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा साठा साधारण दोन हजार कॅलरींपुरताच असतो. तो संपला की माणूस हिंगणघाटच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बसतो आणि त्याला घरी फोन करावासा वाटतो. जोराचे छोटे तुकडे दुसरंच काम करतात. हृदयाचा प्रत्येक ठोका जास्त रक्त फेकू लागतो आणि तासभर टिकवता येणारी ताकद वर सरकते. या ताकदीला आम्ही एफटीपी म्हणतो, मोजतो वॅटमध्ये.

लांब पल्ल्याच्या मंडळींना हे दुसरं काम बिनकामाचं वाटतं. "आपल्याला कुठे रेस करायची आहे?" हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो. समजा एकाची एफटीपी २०० वॅट आहे आणि ब्रेव्हेत तो १५० ने पेडल मारतो. म्हणजे पाऊण ताकद लावून दिवसभर चालवायचं. एफटीपी २३० वर गेली तर तेच १५० वॅट ६५ टक्क्यांवर येतात. वेग तोच, रस्ता तोच, पण रात्री दोन वाजता पायांत काहीतरी शिल्लक असतं. जबलपूर रोडने मनसर, देवलापार, खवासा करत कुरईच्या घाटाला लागलं की हा फरक कागदावर राहत नाही. ज्याने नुसते किलोमीटर गोळा केलेत, तो तिथे उतरून चालतो.

दोन्ही लागतात, हे एकदा मान्य केलं की प्रश्न उरतो तो कधी काय करायचं याचा. इथे विकत घेतलेली पुस्तकं आणि मोबाइलमधले ट्रेनिंग प्लॅन आपल्याला फसवतात. त्यांचं वर्ष युरोपचं: हिवाळ्यात पाया, वसंतात धार, उन्हाळ्यात शर्यती. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ पर्यंत उतरला होता. आमच्या ब्रेव्हे आणि शर्यती सगळ्या ऑक्टोबर ते फेब्रुवारीत कोंबलेल्या असतात, कारण दुसरी जागाच नाही. तेव्हा पुस्तकातलं वर्ष इथे उलटं टांगावं लागतं: उन्हाळ्यात धार, पावसाळ्यात पाया, हिवाळ्यात परीक्षा.

एप्रिल-मे मध्ये पहाटे पाचला मिहान प्रकल्पातले रस्ते रिकामे असतात. रुंद, सपाट, सरळ. वीस मिनिटं पाय गरम करायचे आणि मग चार मिनिटं जोरात, चार मिनिटं हलकं, असं चार वेळा. यालाच इंटरव्हल म्हणतात. जोराच्या चौथ्या मिनिटात नजर आपोआप गार्मिनवर जाते आणि सेकंद पुढे सरकत नाहीत. हँडलवरून घामाचे थेंब पुढच्या ट्यूबवर पडतात, तोंडात लोखंडासारखी चव येते. साडेसहाला घरी. सातनंतर ऊन चढतं आणि त्या दिवसापुरता सायकलीचा विषय संपतो. चढ हवा असेल तर सेमिनरी हिल्स आहेच. छोटा आहे, पण चार-पाचदा वर-खाली केलं की पुरतो. आठवड्यात असे दोनच दिवस, तिसरा नको. बाकीचे दिवस खरोखर हलके, म्हणजे शेजारी चालवणाऱ्याशी पूर्ण वाक्यात भांडता येईल इतके हलके.

मृग लागला की इंटरव्हल आटोपते घ्यायचे आणि रस्ते लांबवायचे. काटोल रोड, उमरेड रोड, सावनेरकडचा पट्टा. जुलैत हवा थंड असते, कपाशीची शेतं हिरवी असतात, पाच-सहा तास सहज निघतात. कटकट आहे ती पंक्चरची आणि साइड शोल्डरवरच्या चिखलाची. मडगार्ड लावलं नाही तर मागच्याच्या शिव्या खाव्या लागतात. समृद्धी महामार्ग गुळगुळीत आहे, पण सायकलला तिथे मज्जाव, आणि तो योग्यच आहे. या चार महिन्यांत वेग बघायचा नाही. याच महिन्यांत कोणीतरी जोर करून दाखवतो आणि ऑक्टोबरात गुडघ्याला पट्टा बांधून फिरतो.

खरी ओढाताण हिवाळ्यात. एका पंधरवड्यात ४०० ची ब्रेव्हे आणि छोटी शर्यत दोन्ही आल्या तर एक निवडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ४०० नंतरच्या मंगळवारी इंटरव्हल करायला गेलं की गंमत कळते. पाय जोर लावतात, पण हृदयाचे ठोके वर चढतच नाहीत; एरवी १७० ला जाणारे १५० वर अडून बसतात. लोकांना वाटतं, फिटनेस वाढला. तो साठलेला थकवा असतो. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला अजून मुंग्या असतात, कारण हँडलवर टेकून तिथली नस दबलेली असते. अशा वेळी दहा दिवस नुसतं फिरावं. शर्यत महत्त्वाची असेल तर आधीचे तीन आठवडे २०० च्या वरची राइड घेऊ नये, आणि शेवटच्या आठवड्यात किलोमीटर निम्मे करून जोराचे छोटे तुकडे मात्र ठेवावेत. पाय विसरता कामा नयेत.

वारा कुठल्याच प्लॅनमध्ये नसतो. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा ईशान्येकडून. वर्धा रोडने बुटीबोरी, जाम, हिंगणघाट जाताना माणूस स्वतःवर खूश असतो. परतीच्या दुपारी तोच वारा छातीवर येतो आणि सकाळचा वेग कोणाचा होता ते कळतं.

वॅट मोजणारा पॉवर मीटर घ्यावा का, हे नेहमी विचारलं जातं. पैसे असतील तर घ्या. नसतील तर घड्याळ आणि बोलता येतं का ही परीक्षा पुरते. त्यापेक्षा बसायची उंची नीट लावून घेण्यावर खर्च करा.

ब्रेव्हेवाल्यांची मोठी परीक्षा म्हणजे फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस; ती चार वर्षांनी एकदा येते. पुढची २०२७ च्या ऑगस्टमध्ये आहे. १,२०० किलोमीटर, सगळ्यांत मोठी मुदत ९० तास, आणि चढण सगळी मिळून बारा हजार मीटरच्या आसपास. विदर्भाच्या सपाटीवर वाढलेल्या पायांना त्या चढणी नुसत्या लांब राइडच्या भरवशावर झेपत नाहीत, त्यासाठी उन्हाळ्यातला जोर लागतो. पात्रतेसाठी त्याच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण करावे लागतात, आणि हा हंगाम १ नोव्हेंबर २०२६ पासून मोजला जातो. नागपुरातून ज्यांना जायचं आहे त्यांनी ६०० फेब्रुवारीच्या आत उरकावी आणि मार्चपासून पहाटे मिहान गाठावं. मार्चनंतर इथे ६०० च्या आड दुपार येते.